तुरेवाल्यांचे कूळ

इ. स. १८७७ च्या जून महिन्यात एडवर्ड सिल्व्हेस्टर मोर्स नावाचे एक अमेरिकन प्राणिशास्त्रज्ञ जपानातील योकोहामा बंदरात उतरले. जपानने परकीयांसाठी आपली दारे उघडून त्या वेळी फार वर्षे झाली नव्हती. कोणी रेशमाच्या व्यापारासाठी तेथे येई, कोणी चहासाठी, तर कोणी राजकारणासाठी. मोर्स मात्र एवढा अफाट महासागर ओलांडून आले होते ते काही चिमुकल्या शिंपल्यांसाठी! ज्या प्राण्यांच्या अंगावर हे शिंपले असतात, ते जपानच्या समुद्रात विपुल मिळतात असे त्यांना समजले होते.

मोर्स यांना शिंपल्यांचे वेड लहानपणापासून होते. शाळेत त्यांचे मुळीच बस्तान बसले नाही. एकामागून एक अशा अनेक शाळांतून त्यांना काढून टाकण्यात आले. परंतु समुद्रकाठी शंखशिंपले गोळा करण्यात, ते निरखण्यात आणि त्यांची हुबेहूब चित्रे काढण्यात हा मुलगा तासन्‌तास रमून जाई. दोन्ही हातांनी चित्र काढण्याची कला त्यांना साधली होती. पुढे हे वेडच त्यांना लुई अगासिझ या विख्यात निसर्गशास्त्रज्ञाच्या हाताखाली घेऊन गेले आणि शाळेने नाकारलेला हा मुलगा विद्वानांच्या पंक्तीत जाऊन बसला.

ज्या प्राण्यांसाठी मोर्स जपानात आले, त्यांना शास्त्रात ब्रॅकिओपॉड म्हणतात. ‘ब्रॅकिऑन’ म्हणजे बाहू आणि ‘पोडोस’ म्हणजे पाय. तेव्हा मराठीत त्यांना भुजपाद म्हणता येईल. वरवर पाहणाऱ्याला भुजपाद म्हणजे आपल्या किनाऱ्यावरच्या तिसऱ्यांसारखाच एक शिंपल्यातील जीव वाटतो. तीच दोन शकले, तोच कठीण चुन्याचा बांधा, तेच घट्ट मिटून बसणे. म्हणून कित्येक वर्षे प्राणिशास्त्रज्ञांनी भुजपादांना तिसऱ्या, कालवे, गोगलगाई यांच्या म्हणजे मृदुकाय प्राण्यांच्या वर्गात बसविले होते.

आता एक तिसरीचा शिंपला हातात घ्यावा आणि नीट पाहावे. त्याची दोन शकले सामान्यतः एकमेकांसारखी असतात, जणू आरशातील प्रतिबिंबे. पण एकच शकल घेतले तर त्याची डावी-उजवी बाजू सारखी नसते. भुजपादाचे नेमके उलटे असते. त्याचे एक शकल मोठे, दुसरे लहान. परंतु प्रत्येक शकलाच्या मधोमध रेघ ओढली की दोन्ही बाजू तंतोतंत जुळतात. याचा अर्थ असा, की तिसरीची शकले ही तिच्या शरीराच्या डाव्या-उजव्या कुशींवरची दारे आहेत, तर भुजपादाची शकले ही त्याच्या पाठीवरची आणि पोटावरची दारे आहेत. आणखीही एक भेद आहे. तिसरीचे शिंपले उघडण्याचे काम त्यांच्या सांध्यावरचा एक लवचिक बंध करतो. म्हणून ती मेली की शिंपला आपोआप आ वासतो. बिजागरी असलेल्या भुजपादांजवळ असा बंध नसतो. त्यांना दार लावण्यासाठी जसे स्नायू लागतात, तसे उघडण्यासाठीही लागतात. त्यामुळे मेल्यावर त्यांचे दार सहसा मिटलेलेच राहते. मोठ्या शकलाच्या टोकाशी पुष्कळदा एक छिद्र असते. त्यातून देठासारखा एक अवयव बाहेर येतो आणि त्याच्या आधाराने प्राणी खडकाला जखडून राहतो. छिद्राच्या बाजूने पाहिले असता हा शिंपला प्राचीन रोमन लोकांच्या तेलाच्या दिव्यासारखा दिसतो. इंग्रजीत त्याला ‘दिव्याचा शिंपला’ म्हणतात ते यावरूनच.

परंतु खरी गंमत शिंपल्याच्या आत आहे. दार उघडून पाहिले तर आतील बहुतेक जागा एका विलक्षण अवयवाने व्यापलेली आढळते. तो कधी घोड्याच्या नालासारखा असतो, तर कधी त्याची दोन टोके घड्याळाच्या कमानीसारखी वळसे घेत गेलेली असतात. त्याच्या काठाने नाजूक, पोकळ तंतूंची झालर असते. या तंतूंना संस्पर्शके म्हणतात, आणि या सबंध अवयवाचे शास्त्रीय नाव आहे लोफोफोर. ‘लोफोस’ म्हणजे तुरा आणि ‘फोरोस’ म्हणजे धारण करणारा. कलगी-तुऱ्याचे फड ज्यांनी ऐकले आहेत, त्यांना तुरा म्हणजे काय हे सांगावयास नको. पण हा तुरा काही शोभेचा नव्हे. तो या प्राण्याचा घासही आहे आणि श्वासही.

तो चालतो कसा, ते पाहण्यासारखे आहे. प्रत्येक संस्पर्शकावर असंख्य सूक्ष्म केस असतात. त्यांना पक्ष्माभिका असे नाव आहे. वाऱ्याने पिकलेल्या शेतावरून जशी लाट धावत जावी, तशा या पक्ष्माभिका एकीमागून एक हलत राहतात. त्यांच्या हालचालीने पाण्याचा एक मंद पण अखंड प्रवाह उत्पन्न होतो आणि तो संस्पर्शकांच्या जाळीतून पार होतो. पाण्यातील अतिसूक्ष्म वनस्पती व अन्नकण त्या जाळीत अडकतात आणि तेथून तोंडाकडे ढकलले जातात. अन्न आणि प्राणवायू, दोन्ही एकाच प्रवाहाबरोबर घरपोच मिळतात. जो प्राणी आयुष्यभर जागचा हलत नाही, त्याला याहून सोयीची व्यवस्था ती कोणती?

ही रचना पाहून मोर्स यांची खात्री झाली की भुजपाद हे मृदुकाय प्राणी नव्हेतच. इ. स. १८७० च्या सुमारास त्यांनी आपले मत प्रसिद्ध केले. शिंपल्यावरून कूळ ठरवू नये, आतील शरीर पाहावे, असे त्यांचे म्हणणे होते. आणि ते शरीर त्यांना वलयांकित कृमींच्या जवळचे वाटले. मृदुकायांतून भुजपादांना बाहेर काढले हे योग्यच झाले. पण त्यांना कृमींच्या घरात नेऊन बसविले, ते मात्र पुढे टिकले नाही.

जपानात पोहोचल्यावर मोर्स यांनी टोकियोच्या दक्षिणेस असलेल्या एनोशिमा बेटावर कोळ्याची एक झोपडी मिळविली आणि तेथेच आपली प्रयोगशाळा थाटली. पण त्याआधीच एक गोष्ट घडून गेली होती. योकोहामाहून टोकियोला आगगाडीने जाताना ओमोरी गावाजवळ रुळांच्या कडेला कापलेल्या टेकाडात त्यांना शिंपल्यांचा एक थर दिसला. हा थर समुद्राने आणून टाकलेला नाही, माणसांनी खाऊन टाकलेल्या शिंपल्यांचा तो प्राचीन उकिरडा आहे, हे त्यांच्या सराईत डोळ्यांनी खिडकीतूनच ओळखले. त्याच वर्षी तेथे उत्खनन झाले आणि दोरीच्या ठशांची नक्षी असलेली अतिप्राचीन मडकी सापडली. जपानच्या त्या प्राचीन संस्कृतीला आज ‘जोमोन’ म्हणतात. त्या शब्दाचा अर्थच ‘दोरीच्या ठशांची नक्षी’ असा आहे. समुद्रातले शिंपले शोधावयास आलेल्या गृहस्थाच्या हातून जपानातील पुरातत्त्वविद्येचा पाया घातला गेला तो असा.

भुजपादांपैकी लिंगुला हा प्राणी फार प्रसिद्ध आहे. या लॅटिन शब्दाचा अर्थ इवलीशी जीभ, आणि त्याची लांबट, चपटी शकले दिसतातही तशीच. तो खडकाला चिकटत नाही. चिखलात उभे बीळ करून राहतो. शकले वर आणि लांब, मांसल देठ खाली, अशी त्याची बैठक असते. धोक्याची चाहूल लागताच देठ आखडतो आणि सारा प्राणी क्षणात बिळात गडप होतो. इतर बहुतेक भुजपादांचे शिंपले चुन्याचे असतात. लिंगुलाचा शिंपला मात्र आपल्या हाडांप्रमाणे कॅल्शियम फॉस्फेटचा असतो. भारताच्या किनाऱ्यावरही तो आढळतो. जपानातील आरिआके समुद्राच्या काठचे लोक तर तो आवडीने खातात.

लिंगुलासारखे शिंपले पन्नास कोटी वर्षांपूर्वीच्या खडकांतही सापडतात. चार्ल्स डार्विन यांनी १८५९ साली प्रसिद्ध झालेल्या ‘जातींचा उगम’ या ग्रंथात, फारसे न बदललेल्या प्राण्यांचे उदाहरण म्हणून लिंगुलाचे नाव घेतले होते. तेव्हापासून ‘जिवंत जीवाश्म’ हे बिरुद त्याला चिकटले. परंतु २०१५ साली शास्त्रज्ञांनी लिंगुलाच्या पेशीतील सर्व आनुवंशिक मजकूर वाचून काढला, तेव्हा तो मजकूर मुळीच गोठून राहिलेला नाही, सतत बदलत आला आहे, असे दिसून आले. घराची भिंत तीच; आतील माणसे मात्र बदलली, असा हा प्रकार आहे.

आज भुजपादांच्या सुमारे ४०० जाती जिवंत आहेत. खडकांत सापडलेल्या त्यांच्या जाती मात्र बारा हजारांहून अधिक भरतात. एके काळी समुद्राच्या तळावर त्यांचेच राज्य होते. सुमारे पंचवीस कोटी वर्षांपूर्वी पृथ्वीवर जीवसृष्टीचा महाभयंकर संहार झाला आणि त्यात भुजपादांची बहुतेक घराणी नामशेष झाली. जे उरले त्यांना ते वैभव पुन्हा लाभले नाही. त्यांच्या जागी तिसऱ्या-कालवांचे कुळ पसरले.

या गतवैभवाच्या खुणा ठिकठिकाणच्या खडकांत आहेत. कच्छमधील समुद्री खडकांत भुजपादांचे जीवाश्म विपुल सापडतात. हिमालयातील स्पितीच्या खोऱ्यातही ते मिळतात. दख्खनच्या काळ्या फत्तरात मात्र ते शोधण्यात अर्थ नाही, कारण तो फत्तर समुद्राच्या गाळाचा नसून तप्त लाव्हारसाचा आहे. चीन देशात पंखासारख्या आकाराच्या अशा जीवाश्मांना ‘दगडी पाकोळ्या’ म्हणत. वादळी पाऊस आला की या पाकोळ्या जिवंत होऊन उडतात, अशी तेथील लोकांची समजूत होती. बाराव्या शतकात दू वान नावाच्या एका चिनी विद्वानाने या गोष्टीची शहानिशा करण्याचे ठरविले. तो डोंगरावर चढला आणि कड्यातील पाकोळ्यांवर त्याने खुणा करून ठेवल्या. उन्हाने तापलेल्या कड्यावर पावसाची सर आली की खुणा केलेले ते दगड सुटून खाली पडत, असे त्याला आढळले. ते उडत नव्हते, पडत होते! आठशेहून अधिक वर्षांपूर्वीच्या या माणसाने केवढे साधे काम केले. पण त्याच्या आधी ते करावे असे किती जणांना सुचले असेल?

तुरा धारण करणारे दुसरे प्राणी इतके लहान असतात की पुष्कळांना ते प्राणी वाटतच नाहीत. त्यांचे नाव ब्रायोझोआ. ‘ब्रायॉन’ म्हणजे शेवाळ आणि ‘झोऑन’ म्हणजे प्राणी. समुद्रातील खडक, शिंपले आणि वनस्पती यांवर ते जाळीदार पापुद्र्यासारखे किंवा लहानशा झुडपासारखे वाढतात. त्या पापुद्र्याकडे भिंगातून पाहावे. मग मधमाश्यांच्या पोळ्याप्रमाणे शेकडो कोनाडे शेजारी शेजारी रचलेले दिसतात. एकेक कोनाडा सामान्यतः एका मिलिमीटरहूनही लहान असतो आणि त्यात एकेक जीव राहतो. पाणी शांत असले की प्रत्येक जीव आपला तुरा दाराबाहेर काढून नरसाळ्यासारखा पसरतो. सबंध पापुद्रा जणू फुलून येतो. जरा कोठे धक्का लागला की डोळ्याचे पाते लवण्यापूर्वी सारे तुरे आत जातात.

ही सारी वस्ती एकाच पूर्वजाची असते. पोहणारा एक सूक्ष्म डिंभ खडकावर टेकतो आणि त्याचा पहिला जीव बनतो. त्या मूळपुरुषाला कळ्या फुटतात, कळ्यांना पुन्हा कळ्या फुटतात आणि गाव वसते. गाव म्हटले की कामांची वाटणी आलीच. बहुतेक जीव अन्न गोळा करतात. त्यांतून उरलेला भाग शेजाऱ्यांनाही पोहोचतो. काही जीवांचे रूपांतर पक्ष्याच्या चोचीसारख्या चिमट्यात झालेले असते. त्यांना खाता येत नाही. जवळ येणाऱ्या किड्यांना चावून पकडणे हेच त्यांचे काम; आणि या पहारेकऱ्यांच्या पोटाची काळजी इतर घेतात. इतक्या लहान देहाला रक्ताभिसरणाची गरज पडत नाही. मलिन द्रव्ये गाळणारे स्वतंत्र इंद्रियही त्याला नसते. मग निरुपयोगी द्रव्ये साचली की काय होते? तुरा आणि आतडे यांचाच ऱ्हास होऊन त्यांची एक तपकिरी गोळी बनते, आणि त्याच कोनाड्यात नवा तुरा व नवे आतडे तयार होते. जुने भांडे घासत बसण्यापेक्षा नवे घडविणे त्याला सोपे जाते.

या प्राण्यांना पूर्वी वनस्पती समजत. १७५५ साली लंडनचे व्यापारी जॉन एलिस यांनी सूक्ष्मदर्शकाच्या साहाय्याने अशी पुष्कळ ‘समुद्री झुडपे’ म्हणजे प्राण्यांची घरे आहेत असे दाखविले. पुढे १८२७ च्या मार्च महिन्यात स्कॉटलंडमधील एडिंबरो येथे, विद्यार्थ्यांच्या एका मंडळासमोर, अठरा वर्षांच्या एका वैद्यकीय विद्यार्थ्याने आपला शोध सांगितला. फ्लस्ट्रा नावाच्या ब्रायोझोआची तथाकथित अंडी पक्ष्माभिकांच्या योगाने स्वतः हालचाल करतात, असा तो शोध होता. ती अंडी नसून डिंभ होते, हे आज आपण जाणतो. पण निरीक्षण अचूक होते. त्या विद्यार्थ्याचे नाव चार्ल्स डार्विन. शास्त्रीय सभेपुढे त्यांनी मांडलेला हा पहिलाच शोध.

जहाजांच्या मालकांना ब्रायोझोआ मुळीच आवडत नाहीत, कारण जहाजाच्या बुडाला ते दाट चिकटतात आणि त्याची गती मंद करतात. त्यांतीलच बुगुला नेरिटिना या तांबूस-तपकिरी झुडपात ब्रायोस्टॅटिन नावाचे द्रव्य सापडले, आणि कर्करोगावरील औषध म्हणून त्याच्यावर पुष्कळ संशोधन झाले. ते मिळते मात्र अत्यल्प. एका प्रयत्नात सुमारे १३ टन बुगुलापासून अवघे १८ ग्रॅम ब्रायोस्टॅटिन हाती आले. शिवाय हे द्रव्य बुगुला स्वतः करीत नाही. तिच्या अंगात वस्तीला असलेले जीवाणू ते तयार करतात, असे पुढे कळले.

ब्रायोझोआंपैकी थोडे गोड्या पाण्यातही राहतात. एकोणिसाव्या शतकात मुंबईस नोकरीस असलेले शल्यवैद्य हेन्री जॉन कार्टर यांना फावल्या वेळी तळी-डबकी धुंडाळण्याचा छंद होता. मुंबईत त्यांना आढळलेल्या एका जातीला पुढे त्यांचेच नाव मिळाले: लोफोपोडेला कार्टेरी. गोड्या पाण्यातील हे प्राणी कठीण कवचाच्या विश्रांती-कळ्या तयार करतात. तळे आटले, प्राणी मेले, तरी या कळ्या तग धरून राहतात आणि पाणी आले की त्यांतून नवी वस्ती उभी राहते. आपल्याकडे उन्हाळ्यात तडकलेल्या तळ्यांच्या तळाशी असे कितीतरी जीव मृगाची वाट पाहत पडलेले असतील.

तुरेवाल्यांतील तिसरा गट सर्वांत लहान आहे. फोरोनिस आणि त्याचे भाऊबंद मिळून जेमतेम पंधरा जाती. हे कृमीसारखे प्राणी स्वतःच तयार केलेल्या नळीत राहतात आणि फक्त तुरा बाहेर ठेवतात. यांची कथा मोठी चमत्कारिक आहे. १८४६ साली जर्मन शास्त्रज्ञ योहानेस म्युलर यांना समुद्राच्या पाण्यात तरंगणारा एक सूक्ष्म जीव आढळला. त्यांनी त्याला ॲक्टिनोट्रोका असे नाव दिले. दहा वर्षांनी, १८५६ साली, स्ट्रेथिल राइट यांनी नळीत राहणाऱ्या एका प्राण्याला फोरोनिस हे नाव दिले. दोन प्राणी, दोन नावे. कोणाला काही शंका आली नाही. १८६७ साली रशियन शास्त्रज्ञ अलेक्सांदर कोवालेव्हस्की यांनी दाखवून दिले की पहिला हा दुसऱ्याचेच पोर आहे! हे स्थित्यंतरही पाहण्याजोगे असते. डिंभाच्या पोटात मोज्यासारखी एक पिशवी दुमडून ठेवलेली असते. वेळ आली की ती उलटी होऊन बाहेर पडते आणि आतड्याला आपल्याबरोबर ओढून नेते. अर्ध्या तासाच्या आत पोहणारा जीव खाली बसतो आणि त्याचे आतडे केसांच्या आकड्यासारखे दुमडलेले होते.

हे दुमडलेले आतडे ध्यानात घेण्यासारखे आहे. नळीत किंवा कोनाड्यात राहणाऱ्या प्राण्याच्या घराला दार एकच. अन्न जेथून आत येते त्याच बाजूने मळ बाहेर जावयास हवा, म्हणून आतडे खाली जाऊन पुन्हा वर वळते. परंतु गुदद्वार तुऱ्याच्या कड्यात कधीच उघडत नाही. ते कड्याबाहेर असते. नाहीतर आपलाच मळ पुन्हा आपल्या तोंडात यावयाचा! जे भुजपाद बिजागरीचे आहेत, त्यांचा प्रकार आणखी वेगळा: त्यांना गुदद्वारच नाही.

शिंपल्यातील भुजपाद, कोनाड्यातील ब्रायोझोआ आणि नळीतील फोरोनिस यांना एका पंक्तीत बसवावे, हा विचार जुनाच होता. पण त्याला काटेकोर रूप दिले लिबी हायमन या अमेरिकन विदुषींनी. पृष्ठवंशहीन प्राण्यांवर त्यांनी एकहाती सहा खंड लिहिले आणि त्यांतील बहुतेक चित्रेही स्वतःच काढली. न्यूयॉर्कच्या संग्रहालयात त्यांना बसावयास जागा होती, पगार नव्हता. आधी लिहिलेल्या क्रमिक पुस्तकांच्या उत्पन्नावर त्यांचा निर्वाह चाले. १९५९ साली निघालेल्या पाचव्या खंडात त्यांनी तुऱ्याची व्याख्या नेमकी केली: संस्पर्शके पोकळ असावीत, त्यांत देहगुहेचा भाग असावा, आणि त्यांनी तोंडाला वेढावे, गुदद्वाराला नव्हे. ही कसोटी कठोर होती. एंटोप्रोक्टा नावाचे प्राणी हुबेहूब ब्रायोझोआंसारखे दिसतात. पण त्यांचे गुदद्वार कड्याच्या आत असते. त्यांना या पंक्तीत पान मिळाले नाही.

तुरेवाल्यांची सोयरीक कोणाशी, हा प्रश्न तरीही उरलाच. गर्भाच्या वाढीवरून कित्येकांना ते ताराम्यांच्या, म्हणजे आपल्याच शाखेच्या जवळचे वाटत. १९९५ साली आनुवंशिक द्रव्याच्या तुलनेवरून वेगळेच उत्तर आले: ते मृदुकाय प्राणी आणि वलयांकित कृमी यांच्याच मोठ्या शाखेतले आहेत. म्हणजे जुने लोक भुजपादांना मृदुकाय म्हणत होते आणि मोर्स त्यांना कृमी म्हणत होते. दोघांनीही दार ठोठावले ते शेजारचेच होते. भुजपाद आणि फोरोनिस यांचे नाते फार जवळचे आहे, याविषयी आता बहुतेकांचे एकमत आहे. ब्रायोझोआ मात्र याच कुळातले सख्खे, की त्यांनी तसाच तुरा स्वतंत्रपणे मिळविला, यावर निरनिराळ्या अभ्यासांचे निष्कर्ष निरनिराळे आले आहेत, आणि तो वाद अद्याप मिटलेला नाही.